सावित्रीवरचे पूल आणि आमच्याकडे नसलेला एक फोटो

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की परदेशात छपराचे जुने लाकडी पूल असतात, लोक मुद्दाम वाट वाकडी करून त्यांचे फोटो काढायला जातात, तसे आपल्याकडे का नाहीत? आज तिथूनच सुरुवात करू आणि महाडला येऊन थांबू.

मुळात पुलावर छप्पर कशाला? वाटसरूला ऊन-पाऊस लागू नये म्हणून, असं आपल्याला वाटतं. तो फायदा दुय्यम. छप्पर असतं ते पुलाच्या लाकडासाठी. उघड्यावरचा लाकडी पूल सांध्यांत पाणी मुरून दहा-वीस वर्षांत कुजतो. त्याच्यावर कौलं किंवा फळ्या घातल्या की तोच पूल शंभर वर्षंही काढतो. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नचा पूल चौदाव्या शतकातला, व्हिएतनाममध्ये होई आन गावचा पूलही काही शतकांचा. पाण्यापासून वाचलेले हे पूल आगीपासून मात्र वाचत नाहीत. लुत्सर्नचा पूल 1993 च्या ऑगस्टमध्ये जळाला, चीनमध्ये फूच्येन प्रांतातला वानआन पूल 2022 मध्ये जळाला.

आता आपला कोकण बघा. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून ती पोलादपूरला उतरते, महाडला तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला. या पाण्यापुढे लाकडी पूल छपरासकट वाहून जाईल. म्हणून आपल्या माणसांनी वेगळा हिशेब केला. तो म्हणजे साकव. पाऊस ओसरला की ओढ्यावर लाकडाचे ओंडके, पोफळी, बांबू टाकून, वेलींनी नाहीतर सुंभाने आवळून पायवाट करायची. पुढच्या पावसात गेली तर गेली, पुन्हा करायची. तिकडे लाकूड झाकून पूल टिकवला, आपण पूल दरवर्षी नवा बांधून वाट टिकवली. आम्हाला हा हिशेब कमी शहाणपणाचा वाटत नाही. फक्त त्याचा फोटो काढायला कोणी थांबत नाही, कारण तो जुना कधी होतच नाही! आज सरकारी कागदावर ‘साकव’ म्हणजे सिमेंटचा छोटा पूल. शब्द राहिला, वस्तू बदलली.

मोठ्या नदीवर साकव चालत नाही. तिथं होडी. महाड हे खाडीमार्गे चालणारं बंदर होतं हे आता सांगावं लागतं. डिसेंबर 1927 मध्ये दुसऱ्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते बोटीने. हरिहरेश्वरमार्गे दासगावला उतरले आणि तिथून मंडळी पायी महाडला आली. चवदार तळ्याच्या इतिहासात या प्रवासाकडे आपण पटकन पुढे जातो, पण त्या काळी महाडला कसं पोचायचं हे त्यातून नेमकं कळतं.

आणि लगेच पुढच्या वर्षी, 1928 मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. पुढे तो मुंबई-गोवा महामार्गाचा भाग झाला. सुरुवातीला त्यावरून काय जात असेल? बैलगाड्या, थोड्या मोटारी. नंतर एसटी, ट्रक, टँकर. 2001 मध्ये शेजारी नवा पूल झाला, तरी जुना वापरात राहिलाच.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, नदीला पूर असताना, तो पडला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक टवेरा पाण्यात गेली. सुमारे चाळीस माणसं गेली. जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या ध्यानात आलं की पुलावर गेलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे निघतच नाहीयेत. त्याने पुढची वाहनं थांबवली. शोध बरेच दिवस चालला. लोहचुंबक लावून क्रेनने नदीचा तळ चाचपला, काही मृतदेह पार खाली समुद्राकाठी मिळाले. शेजारचा नवा पूल उभाच होता.

कमानीचा पूल कसा उभा असतो हे इथं समजून घेतलं पाहिजे. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटत असते आणि हे रेटे खांबावर एकमेकांना तोलून धरतात. एक खांब गेला की तोल गेला, मग शेजारच्या कमानीही जातात. आणि खांब जातो तो खालून. पुराचं पाणी पायाशी भोवरा करतं, वाळू-गोटे खरवडून नेतं, दर्जातला चुना निघतो, फटीत उंबर-पिंपळ रुजतो. रस्त्यावर उभं राहिलं तर यातलं काही दिसत नाही. वर डांबर गुळगुळीत असतं! या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं नंतर सांगितलं गेलं.

आता आमची गोष्ट. आम्ही या रस्त्याने किती वेळा गेलो असू! गणपतीला, शिमग्याला, रायगडला जाताना. आमच्या अल्बमात रायगडाचे फोटो शेकड्याने. या पुलाचा एकही नाही. महाड आलं म्हणजे चहाला थांबायचं, एवढाच त्याचा उपयोग. 2016 नंतर आम्ही कपाटं उलथीपालथी केली, तेव्हा पुलाचा कठडा तेवढा एका फोटोत सापडला, तोही कुणाच्या तरी पाठीमागे, अर्धा.

अमेरिकेत व्हर्माँट राज्यात बार्टन्सव्हिलचा 1870 चा छपराचा पूल ऑगस्ट 2011 च्या पुरात वाहून गेला. काठावरच्या रहिवाशाने तो जाताना चित्रित केला, आणि गावाने दीड वर्षात तशाच घाटणीचा पूल पुन्हा बांधला. महाडलाही नवा पूल 165 दिवसांत झाला, 5 जून 2017 ला खुला झाला. रुंद आहे, भक्कम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुना कसा होता हे आता वर्तमानपत्रांतल्या फोटोंवरून शोधायचं, आणि ते बहुतेक तो मोडल्यानंतरचे.

2016 मध्येच केंद्र सरकारने देशभरातल्या पुलांना क्रमांक देऊन नोंद करण्याचं काम हाती घेतलं. चांगलं काम आहे. पण नोंद एकदाची असते आणि नदी दरवर्षी येते. जुलै 2021 मध्ये महाडने पुन्हा पूर पाहिला, तळियेची दरड त्याच वेळची.

तेव्हापासून आम्ही प्रवासात जुन्या पुलांचे फोटो काढतो ते असे. मे महिन्यात, पाणी कमी असताना, काठाने खाली उतरायचं. खांबाचा पाया, त्याच्याशी उंची कळावी म्हणून एक माणूस उभा. मग कमानीचा आतला भाग, दगडांच्या दर्जा, उगवलेली झाडं. दिवाळीनंतर त्याच जागेवरून तेच फोटो पुन्हा, म्हणजे पावसाने काय नेलं ते शेजारी ठेवून दिसतं. फोटो सुंदर येत नाहीत, घरचे हसतात. पोलादपूरकडच्या एका ओढ्यावर आम्ही असेच वाकून बसलो होतो, तर वरून एका आजींनी विचारलं, “काय पडलं रे पोरांनो?” आम्ही म्हटलं, काही नाही आजी, पूल बघतोय. त्या म्हणाल्या, “वरून जायचं सोडून खालून काय बघताय?” मग स्वतःच खाली उतरल्या आणि त्यांच्या लहानपणी साकव नेमका कुठे पडायचा ती जागा दाखवली. दोन्ही काठांवर खडकात ओंडका अडकवण्यासाठी केलेल्या खाचा अजून आहेत. तो फोटो आता पडद्यावर दाखवतो.