संस्थांच्या कार्यक्रमांचे चित्रण : प्रस्तावना

बार्शीच्या सार्वजनिक जीवनाला स्वतःचे वार्षिक वेळापत्रक आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे सहकारी संस्थांना कायद्याने बंधनकारक असल्याने ऑगस्ट-सप्टेंबर हा सभांचा मोसम असतो. दसऱ्याच्या आगेमागे परिसरातील साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि पाठोपाठ गव्हाणीत मोळी पडते. डिसेंबर-जानेवारीत शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने असतात. पतसंस्थेच्या शाखेचे उद्घाटन, रुग्णालयातील शिबिर, बियाणे कंपनीचा विक्रेता मेळावा हे तर बारमाही. यातील बहुतेक कार्यक्रम आज कॅमेऱ्यात टिपले जातात. मात्र लग्नाच्या शूटिंगमधली सवय तशीच उचलून इथे वापरली जाते. लग्नात काय महत्त्वाचे हे सगळ्यांना ठाऊक असते. संस्थेच्या कार्यक्रमात ते आधी ठरवावे लागते. हे ठरवणे म्हणजेच नियोजन, आणि या क्षेत्राचा खरा अभ्यासविषय तोच आहे.

या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच मांडतो. संस्थेच्या कार्यक्रमाचे चित्रण हा तिच्या दप्तराचा भाग आहे. इतिवृत्ताची वही, हजेरीपत्रक, ताळेबंद यांच्या शेजारी त्याची जागा आहे. हे एकदा मान्य केले की कॅमेरे किती लावायचे, कुठे लावायचे, आवाज कुणाचा घ्यायचा, काय जपायचे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळू लागतात.

या कामाची मराठी परंपरा जुनी आहे. लुमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली. तिथून प्रेरणा घेऊन छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. भारतीय वृत्तचित्राचा आरंभ अनेक अभ्यासक इथे मानतात. आपल्या दृष्टीने या दोन चित्रणांतला फरक महत्त्वाचा आहे. कुस्ती पुन्हा लावता येते, परांजप्यांचे स्वागत पुन्हा होणार नव्हते. एकदाच घडणारी गोष्ट टिपायची असेल तर ती घडण्याआधीच कॅमेऱ्याने जागा धरलेली असावी लागते. पुढे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या कॅमेरामनांनी देशभर हीच शिस्त पाळली.

दुसरे उदाहरण थेट बार्शीचे आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ही अडीच फुटी रुळांची गाडी भारतात पाठवण्याआधी, १८९६ मध्ये, इंग्लंडमधील लीड्सजवळ न्यूले येथे जाणकारांपुढे चालवून दाखवली. प्रत्येक आसावर पाच टनांपर्यंतचाच भार ठेवला तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्यांना पटवून द्यायचे होते. आजच्या भाषेत हा एका कंपनीचा कॉर्पोरेट कार्यक्रमच होता. तिथे चित्रपटाचा कॅमेरा असता तर त्याने डबे, आस, वळणावरची चाल आणि भरलेली वाघीण टिपायला हवी होती. पाहुण्यांचे चेहरे त्यानंतर. कुर्डुवाडी ते उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हा बार्शीवरून जाणारा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला आणि अडीच फुटी रूळ निघाले. तरी त्या गाडीचे तंत्र आज अभ्यासता येते, कारण आराखडे आणि लेखी वर्णने जपली गेली. संस्थेने केलेले काम ज्यातून कळते, तीच नोंद टिकून उपयोगी पडते.

म्हणून नियोजनाच्या पहिल्या बैठकीत कॅमेऱ्याच्या मॉडेलची चर्चा सुरू होण्याआधी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत : हे कोण पाहणार, कधी पाहणार आणि पाहून काय करणार? एकाच सभेला चार प्रेक्षक असू शकतात. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फिरणारी दोन मिनिटांची चित्रफीत हवी असेल, तर दुपारपासून संकलक जागेवर बसलेला हवा. पुण्यात स्थायिक झालेल्या सभासदाला पूर्ण सभा पाहायची असेल, तर एक कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बंद न होता चालला पाहिजे. व्यवस्थापनाला ठरावांची नोंद हवी असेल, तर वर झालेले हात दिसणारी रुंद चौकट लागते. आणि वीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवाचा ग्रंथ करणाऱ्याला काही शोधायचे असेल, तर प्रत्येक फाइलला तारीख, स्थळ आणि वक्त्याचे नाव हवे. चारही गरजा एकाच दिवशी भागवता येतात, पण त्या आदल्या दिवशी कळून चालत नाही.

आता सर्वसाधारण सभाच जरा जवळून पाहू. व्यासपीठावर अध्यक्ष, संचालक, व्यवस्थापक आणि त्यांच्यापुढे चार माइक. समोर सातशे-आठशे सभासद. विषयपत्रिका वाचली जाते, एकेका विषयावर ‘मंजूर, मंजूर’चा घोष होतो. सातव्या-आठव्या विषयाला मागच्या रांगेतला एखादा सभासद उभा राहतो आणि थकबाकीबद्दल किंवा लाभांशाबद्दल प्रश्न विचारतो. त्याच्या हाती माइक नाही. व्यासपीठावरचे उत्तर मात्र ठणठणीत ध्वनिमुद्रित होते. पुढे ते चित्रण पाहणाऱ्याला उत्तर ऐकू येते, प्रश्न येत नाही. अशा नोंदीत अर्धीच सभा उरते, आणि जी अर्धी हरवते ती सभासदांची. म्हणून सभागृहाच्या दोन्ही बाजूंना एकेक बिनतारी माइक, तो धावत नेऊन देणारा माणूस आणि सभासदांकडे तोंड केलेला एक कॅमेरा ही व्यवस्था चैनीत मोडत नाही, ती सभेच्या लोकशाहीची गरज आहे. ‘प्रश्न विचारणाऱ्याने आधी नाव सांगावे’ अशी विनंती सूत्रसंचालकाकडून सुरुवातीलाच करून घ्यावी.

आवाजाचा विचार नेहमी चित्राच्या आधी करावा. चित्र थोडे हलले तर प्रेक्षक चालवून घेतो, शब्द तुटला तर तो उठून जातो. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घ्यावा, पण मिक्सरचा जोरकस ‘लाइन’ आवाज कॅमेऱ्याच्या ‘माइक’ पातळीवर घेतला तर तो फाटतो; ही जुळणी कार्यक्रमाआधी तपासून घ्यावी. शिवाय मिक्सरमध्ये टाळ्या नसतात, हशा नसतो. त्यासाठी सभागृहात वेगळा माइक ठेवावा, आणि या सगळ्याला पर्याय म्हणून एक स्वतंत्र रेकॉर्डर चालू ठेवावा.

त्यानंतर स्थळपाहणी. कार्यक्रम सकाळी अकराचा असेल तर पाहणीही अकरालाच करावी. व्यासपीठामागच्या खिडकीतून येणारे ऊन संध्याकाळी दिसत नाही. लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपात दुपारी प्रत्येक चेहऱ्यावर तो रंग उतरतो आणि संकलनाच्या टेबलावर तो पुरता निघत नाही. मंडपवाल्याला व्यासपीठावर पांढरे छत लावायला सांगणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर एक-पन्नासांश ठेवले तर चित्र लपलपत नाही. एलईडी वॉलचे गणित वेगळे असते. ती सुरू करून, कॅमेऱ्यातून पाहूनच खात्री करावी. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत मिक्सर आणि संगणक बंद पडू नयेत म्हणून यूपीएस लावावा. आणि सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, नेमका सभांच्या मोसमात. पत्र्याच्या छपराखालची सभा असेल तर कोरड्या दिवशीच्या पाहणीवर विसंबू नये. पाऊस कोसळू लागला की दूरच्या माइकचा काही उपयोग उरत नाही; प्रत्येक वक्त्याच्या तोंडाजवळ माइक हवा.

कारखान्याचा गळीत हंगाम ही वेगळी कसोटी आहे. भाषणे तासभर चालतात, पण ज्यासाठी सगळे जमले ती मोळी काही सेकंदांत गव्हाणीत पडते. त्या क्षणी पाहुणे, संचालक, छायाचित्रकार आणि हौशी मोबाइलवाले यांची गव्हाणीच्या कठड्यापाशी दाटी होते. गर्दीत उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला फक्त पाठी दिसतात. एक कॅमेरा समोरच्या बाजूला, उंचावर, कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या परवानगीने आधीच लावलेला असावा. मोळी पडल्यावर तो बंद करू नये. ऊस पुढे सरकतो, यंत्रे फिरतात, कामगार आपापल्या जागी जातात. कारखान्याचा हंगाम खरोखर सुरू होतो तो तेव्हा. ऊसतोड कामगार, गाडीवान, बॉयलरवरचे कर्मचारी यांच्याशी दोन शब्द बोलायला वेळ आधीच राखून ठेवावा, नाहीतर पाहुण्यांच्या जेवणात तो निघून जातो.

कार्यक्रमपत्रिका हे नियोजनाचे मुख्य साधन आहे आणि ती बदलणार हे धरूनच चालावे. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला की सत्कार आधी होतात, प्रास्ताविक लांबते आणि अहवालवाचनाला कात्री लागते. चित्रणाच्या प्रमुखाने सूत्रसंचालकाशेजारी आपला माणूस बसवावा आणि क्रम बदलला की तो सर्व कॅमेरामनांना लगेच कळेल अशी सोय करावी. दीपप्रज्वलन, मुख्य घोषणा आणि मतदान यांना कोणता कॅमेरा काय टिपणार हे कागदावर लिहिलेले असावे. बाकीच्या वेळी कॅमेरामनच्या नजरेवर विश्वास टाकावा.

दप्तर म्हटले की जतन आले. सेकंदाला १०० मेगाबिट दराने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी भरतात. तीन कॅमेरे चार तास चालले की ५४० जीबी. त्याच रात्री त्याच्या प्रती झाल्या पाहिजेत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रुजवलेला नियम इथे लागू करावा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. प्रतींची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये. कराराच्या कागदावर ही जबाबदारी कुणाची, हेही लिहिलेले असावे.

कायद्याची किमान ओळखही हवी. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रणाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणाऱ्याची असते. त्यामुळे न संकलित केलेले मूळ चित्रण संस्थेला द्यायचे की नाही, हे कामाआधीच ठरवावे. लग्नसमारंभात वाजणाऱ्या संगीताला या कायद्यात सवलत आहे. कंपनीच्या मेळाव्याला ती नाही, म्हणून चित्रफितीखाली लोकप्रिय गाणे घालण्याआधी परवाना घ्यावा. कंपन्यांच्या बाबतीत चित्रणाचे महत्त्व कायद्यानेच वाढवले आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत केंद्र सरकारने दूरदृश्य प्रणालीद्वारे सभांना परवानगी दिली, तेव्हा सभेची मुद्रित नोंद सुरक्षित ठेवण्याची अटही घातली.

सगळ्यात मोठी जबाबदारी संमतीची. बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, आणि ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये इथेच सुरू झाली. नावे उघड न करताही नोंद समाजाच्या उपयोगी पडते, हे या गावाने दाखवून दिले आहे. रुग्णालयाच्या कार्यक्रमाचे चित्रण करणाऱ्याने तोच आदर्श ठेवावा. रुग्णाची संमती कार्यक्रमाच्या गडबडीत न घेता आधी, निवांतपणे आणि लेखी घ्यावी. नकाराचा अधिकार स्पष्ट सांगावा. नाही म्हणणाऱ्यांची बसण्याची जागा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवावी. शाळेतल्या मुलांसाठी पालकांची संमती अशीच घ्यावी.

या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांना माझी एक आग्रहाची विनंती आहे. दरपत्रकात स्थळपाहणीचा दिवस, संमतीपत्रांचे काम आणि प्रतींचे जतन वेगळ्या ओळींत लिहा आणि त्यांचे पैसे मागा. जे काम कागदावर दिसत नाही ते ग्राहकाला फुकटचे वाटते आणि हळूहळू होईनासे होते. संस्थाचालकांनाही सांगणे आहे, की सभेची तारीख ठरते त्याच बैठकीत चित्रणाचा विषय घ्या.

अभ्यासकांसाठी तर हे शेत अजून नांगरायचेच आहे. सभांच्या चित्रणात किती वेळ व्यासपीठाला मिळतो आणि किती सभासदांना? स्त्री सभासदांचे प्रश्न ध्वनिमुद्रणात किती उमटतात? जुन्या व्हीएचएस कॅसेटवरचे समारंभ अजून वाचवता येतील का, आणि कोणते आधी वाचवावेत? ही उत्तरे शोधायला मुंबईच्या स्टुडिओत जायची गरज नाही. बार्शीतल्याच एखाद्या पतसंस्थेच्या कपाटापासून सुरुवात करता येईल. कॅमेरा चालवणारे, संस्था चालवणारे आणि तिचे सभासद या तिघांनी मिळून हे काम पुढे न्यायचे आहे. या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत.