पंगतीत सावकाश जेवणारा

प्रयोगशाळेतलं मोजमाप हे एके काळी दोघांचं काम असे. एकानं मीटरच्या काट्याकडे बघून आकडा पुकारायचा, दुसऱ्यानं तो वहीत टिपायचा. १९५२मध्ये अमेरिकेत अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनियर सिस्टिम्स या कंपनीनं डिजिटल व्होल्टमीटर आणला आणि काट्याच्या जागी अंक आले. पण वही-पेन्सिल काही सुटली नाही. हे अंक दुसऱ्या एखाद्या यंत्राला परस्पर सांगायचे कसे, याची सर्वमान्य रीत नव्हती.

रीती नव्हत्या असं मात्र नाही. उलट, भाराभर होत्या. पुढं काही मीटरना मागच्या बाजूनं तारा काढलेल्या असत आणि एकेका अंकासाठी चार-चार तारा लागत. सहा अंकी आकडा म्हणजे २४ तारा झाल्या. शिवाय दशांशचिन्ह, अधिक-उणे आणि पट्टा यांच्या तारा वेगळ्या. एका कंपनीचा जोड दुसरीच्या यंत्राला बसत नसे. चार यंत्रं संगणकाला जोडायची तर चार वेगवेगळ्या जोडण्या बनवाव्या लागत, आणि यंत्र बदललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मोजमापाची नाना तऱ्हेची यंत्रं बनवणाऱ्या ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीला या कटकटीची झळ घरातच बसत होती. साठच्या दशकाच्या अखेरीस तिच्या अभियंत्यांनी एक समाईक जोडणी आखायला घेतली. १९७२मध्ये कंपनीच्या स्वतःच्या नियतकालिकात तिची माहिती छापून आली. संदेशाच्या तारा फक्त १६ : आठ मजकुरासाठी, पाच शिस्तीसाठी आणि तीन देवाणघेवाण सांभाळण्यासाठी. एकाच जोडणीवर १५ यंत्रं बसत. जोडाची घडणही मोठी सोयीची, एकाच्या पाठीवर दुसरा चढवता येई. प्रत्येक यंत्राला घरक्रमांकासारखा एक क्रमांक. कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं, हे संगणकानं ठरवायचं. एका वेळी बोलणारा एकच.

या रचनेचा जीव आहे तो शेवटच्या तीन तारांमध्ये. आपल्याकडच्या पंगतीची रीत आठवा. कोणाचं जेवण चटकन आटोपतं, कोणी सावकाश जेवतो. पण शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगत उठत नाही. इथंही तसंच आहे. बोलणाऱ्यानं एक अक्षर तारांवर मांडायचं आणि ‘वाढलं आहे’ अशी खूण करायची. ऐकणाऱ्यांपैकी एकानं जरी ‘माझं अजून घेऊन झालेलं नाही’ ही तार धरून ठेवली, तरी पुढचं अक्षर येत नाही. सगळ्यांनी तार सोडली की मगच पंगत पुढं सरकते. वेगाची अटच नाही. सर्वांत सावकाश यंत्राचा वेग तोच सर्वांचा वेग. त्या काळी हा नाइलाजाचा तोडगा वाटला असेल. पण सत्तरच्या दशकातला मंद व्होल्टमीटर आजच्या लॅपटॉपला जोडता येतो, याचं मोठं कारण हेच आहे. लॅपटॉप कितीही वेगवान असो, त्याला थांबावं लागतं.

१९७५मध्ये अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं हीच जोडणी ‘४८८’ या क्रमांकाचं प्रमाण म्हणून स्वीकारली. ह्यूलेट-पॅकार्डनं आपली पेटंटं नाममात्र शुल्कात इतरांना वापरू दिली. या व्यवहारी उदारपणाचं श्रेय त्या कंपनीला द्यायलाच हवं. तिचं नाव ‘एचपी-आयबी’. इतर कंपन्या ‘जीपीआयबी’ म्हणू लागल्या. घरी एक नाव, शाळेत दुसरं, तसलाच प्रकार. १९७६मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तिघा जणांनी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी काढली, तीही याच जोडणीची कार्डं संगणकात बसवण्याच्या उद्योगावर. तिचीच ‘लॅबव्ह्यू’ ही आज्ञावली १९८६मध्ये आली आणि पडद्यावर चित्रं जोडून यंत्रं चालवता येऊ लागली.

मात्र एक गोष्ट राहून गेली होती. तारा ठरल्या, भाषा ठरली नव्हती. व्होल्टेज मोज, हे प्रत्येक कंपनीच्या यंत्राला वेगळ्या अक्षरांत सांगावं लागे. १९८७च्या सुधारित प्रमाणात ‘तू कोण?’ हा प्रश्न सर्वांना एकाच पद्धतीनं विचारायचं ठरलं आणि १९९०मध्ये ‘स्किपी’ नावाची समान आज्ञांची भाषा आली. त्याआधीची यंत्रं आपापली बोली बोलतात. ती बोली फक्त जुन्या माहितीपुस्तिकेत सापडते. पुस्तिका हरवली की यंत्र जोडलेलं असूनही मुकं.

ह्यूलेट-पॅकार्डचा ‘३४५८ ए’ हा १९८९चा साडेआठ अंकी मल्टिमीटर अशाच जुन्या बोलीचा. तीन दशकांहून अधिक काळ तो बनत राहिला आणि मोठमोठ्या प्रमाणमापन प्रयोगशाळांचा त्यावर भरवसा. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण मापाशी ताडून काढलेल्या दुरुस्त्यांचे आकडे, एका छोट्या चिपमध्ये असतात. जुन्या यंत्रांत त्या चिपच्या पोटातच बॅटरी बंद केलेली आहे. ती संपली की आकडे पुसले जातात. मग यंत्र चालू असलं तरी त्याच्या साडेआठ अंकांवर कोणी विश्वास ठेवायचा? पुन्हा १० व्होल्टचा आणि १० किलोओहमचा प्रमाणित संदर्भ आणून सगळं जुळवावं लागतं, आणि असे संदर्भ काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

चिप काढण्याआधी हे आकडे उतरवून घ्यायचे तर यंत्राच्या पाठीवरचा तोच २४ पिनांचा जोड कामी येतो. बाजारात यूएसबीला जोडायचे अडॅप्टर मिळतात. ‘पायथॉन’मध्ये लिहिलेल्या चार-सहा ओळींची आज्ञावली स्मृतीतला एकेक पत्ता विचारत जाते आणि उत्तरं फाइलमध्ये साठवते. लिनक्ससाठी या जोडणीचे ड्रायव्हर हौशी आणि व्यावसायिक मंडळी वर्षानुवर्षं स्वतंत्रपणे सांभाळत होती. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या ६.१३ या आवृत्तीत त्यांना लिनक्सच्या मुख्य गाभ्यात, चाचणीच्या विभागात का होईना, जागा मिळाली. प्रमाण ठरल्याला तोवर जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या अडगळीत असं यंत्र असेल, तर भंगारात काढण्यापूर्वी त्याची पाठ जरूर पाहावी. जोड आणि पुस्तिका दोन्ही असतील तर पहिलं काम बॅटरी बदलण्याचं नाही. आधी आतले आकडे उतरवून घ्यायचे, त्यांची प्रत दुसरीकडे ठेवायची आणि मगच सोल्डरिंगची कांडी तापवायची.