राखून ठेवलेला शेवट

गेल्या शनिवारी 'द गोल्डन कंपास' पुन्हा पाहिला आणि पुन्हा तीच चिडचिड झाली. (पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा!) फिलिप पुलमनची कादंबरी १९९५ ची. शेवटी लायरा मित्राला, रॉजरला, वाचवून वडिलांपर्यंत पोचते आणि वडीलच त्याचा बळी देऊन दुसऱ्या जगाची वाट उघडतात. सगळी गोष्ट त्या एका धक्क्यासाठी रचलेली.

२००७ च्या सिनेमात हा शेवटच नाही! शूटिंग झालं होतं हो, पण पुढच्या भागासाठी राखून ठेवलं. दोघं मजेत उडत निघतात, खेळ खलास. खर्च सुमारे १८ कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई जेमतेम ७ कोटी. परदेशात बरा चालला, पण तिथले हक्क न्यू लाइनने आधीच विकलेले. २००८ मध्ये न्यू लाइनच वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन झाली. पुढचा भाग आलाच नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवालेही "पुढच्या रिलीजला बघू" म्हणतोच की. पण गोष्टीचा जीवच पुढे ढकलला, तर आत्ता लोकांच्या हातात ठेवलं काय? तो शेवट पडद्यावर यायला २०१९ ची टीव्ही मालिका यावी लागली.

असो.