चर्चगेट : वेशीचे नाव, शेवटचे स्थानक

उपनगरांत राहून मुंबईत व्यापार-नोकरी केलेल्या आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. ज्या चर्चगेट स्थानकावर आपण वर्षानुवर्षे उतरलो, त्याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

मुंबईच्या किल्ल्याला सेंट थॉमस चर्चकडे नेणारी एक वेस होती, तीच चर्चगेट. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली गेली, तीबरोबर वेसही गेली. १८७० मध्ये स्थानक झाले व त्याने ते नाव जिवंत ठेवले. त्यापूर्वीच, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल सुरू झाली होती.

चर्चगेट हे आरंभी शेवटचे स्थानक नव्हते. गाड्या पुढे कुलाब्यापर्यंत जात. कापसाच्या व्यापाराने गजबजलेल्या त्या भागात १८९६ मध्ये भव्य टर्मिनस उभे राहिले. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेची गाडी धावली. परंतु बॅकबेच्या भरावाच्या योजनेत कुलाब्याचा मार्ग गेला. डिसेंबर १९३० मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल उघडले, वर्षअखेरीस कुलाबा बंद झाले आणि लोकलचे टर्मिनस होण्याचा मान चर्चगेटला मिळाला. सध्याची इमारत १९५७ ची आहे.

येथे चारच फलाट. पण जिना न चढता थेट बाहेरच्या दालनात येता येते. कापडाचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या माझ्यासारख्यास या सोयीचे मोल ठाऊक आहे. रस्ता ओलांडण्यास भुयारी मार्ग आहे. ५ मे १९९२ रोजी येथून बोरिवलीसाठी महिला विशेष लोकल सुरू झाली, २०१७ मध्ये वातानुकूलित लोकल आली, तर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोही जोडली गेली.

११ जुलै २००६ च्या सायंकाळी चर्चगेटहून सुटलेल्या सात गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. एका गिऱ्हाइकाने खोळंबविल्यामुळे फोर्टातील दुकान बंद करण्यास मला उशीर झाला व नेहमीची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी जड पावलांनी याच स्थानकावर उतरलो, तेव्हा फलाट माणसांनी भरलेला होता. कोणी फारसे बोलत नव्हते, पण प्रत्येक जण कामावर निघाला होता.

कुलाब्याचे भव्य स्थानक आज शोधूनही सापडत नाही. म्हणून आपल्या नातवंडांना चर्चगेटला नेताना ही हकीकत अवश्य सांगावी.