कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना : मेगापिक्सेलपेक्षा भिंग पाहा

घरगुती वापरासाठी खिशात मावेल असा, बेताच्या किमतीचा डिजिटल कॅमेरा घेणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या 'सीपा' या संघटनेच्या आकडेवारीनुसार, २००८ मध्ये भिंग कायमचे जोडलेल्या सुमारे ११ कोटी डिजिटल कॅमेऱ्यांची रवानगी झाली होती. २०२३ मध्ये ही संख्या १७ लाखांच्या आसपास आली. मोबाइलने ही बाजारपेठ गिळली आणि नामवंत कंपन्यांनी स्वस्त मॉडेल्स एकामागून एक बंद केली. त्यामुळे कमी पैशांत कॅमेरा शोधणाऱ्या ग्राहकापुढे आज मुख्यत्वे दोन पर्याय येतात : जुना, वापरलेला कॅमेरा किंवा खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेला अनोळखी नावाचा नवा कॅमेरा. दोन्हींत फसगत होऊ शकते.

मोबाइल असताना कॅमेरा कशासाठी?

हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. चांगला मोबाइल हाताशी असेल, तर केवळ घरातील छायाचित्रांसाठी स्वस्त कॅमेरा घेण्यात फारसा लाभ नाही. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचे बळ ऑप्टिकल झूम, खरा फ्लॅश आणि स्वतंत्र बॅटरी यांत असते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणारी काळी-पिवळी मारबतीची मिरवणूक गर्दीच्या मागे उभे राहून टिपायची असेल, तर झूम उपयोगी पडतो. ताडोबाच्या सफारीत मोबाइलवर निर्बंध असल्याने तेथेही वेगळा कॅमेरा कामास येतो.

मेगापिक्सेलचा भ्रम

सहा बाय चार इंचांचा उत्तम प्रिंट काढण्यास सुमारे २.२ मेगापिक्सेल पुरतात. दहा बाय आठ इंचांसाठी सुमारे ७.२. म्हणजे १० ते १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा घरगुती गरजेला पुरून उरतो. स्वस्त खोक्यांवरील ४८ किंवा ६४ हे आकडे अनेकदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. त्याने चित्राची फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही.

खरा फरक सेन्सरच्या आकाराने पडतो. बहुतेक साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत '१/२.३ इंच' प्रकारचा, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो. 'एक इंच' प्रकारचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो. तो अधिक प्रकाश गोळा करतो व रात्रीची चित्रे स्वच्छ येतात. मात्र किंमतही बरीच वाढते.

भिंग आणि झूम

दोन आकडे अवश्य पाहावेत. पहिला, भिंगाचा रुंद कोन : तो २८ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावा. तसे असल्यास लहान खोलीत सारे कुटुंब एका चित्रात येते आणि दीक्षाभूमीचा स्तूप टिपण्यासाठी फार मागे सरकावे लागत नाही. दुसरा, ऑप्टिकल झूम : पाच ते दहा पट पुरेसा आहे. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा कापून मोठा करणे. त्याचा आकडा विचारात घेऊ नये. झूम लांबविल्यावर हात थोडाही हलला, तर चित्र धूसर होते. म्हणून कंपनरोधक सोय असलेलेच मॉडेल निवडावे. खोक्यावर ऑप्टिकल झूमचा उल्लेखच नसेल, तर तो कॅमेरा खेळण्याच्या जातीचा समजावा.

जुना कॅमेरा घेताना

बॅटरी भरून आणि स्वतःचे कार्ड सोबत नेऊन कॅमेरा तपासावा. झूम पूर्ण बाहेर काढून परत आत न्यावा. करकर आवाज आला किंवा भिंग अडकले, तर नाद सोडावा. पांढऱ्या भिंतीचे चित्र काढल्यास सेन्सरवरील डाग दिसतात. भिंगात टॉर्चचा उजेड पाडून बुरशीचे तंतू शोधावेत. फ्लॅश तीन-चार वेळा उडवून पाहावा.

कार्डाचा प्रकारही महत्त्वाचा. ऑलिम्पस व फुजीफिल्मच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या एक्सडी कार्डाचे उत्पादन बंद झाले आहे. २००६ पूर्वीचे बहुतेक कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड वाचत नाहीत. त्या मॉडेलची बॅटरी आजही मिळते का, याची चौकशी सीताबर्डीच्या दुकानांत आधी करावी. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असल्यास ही चिंता मिटते.

नागपूरचे ऊन

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते; नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बंद मोटारीत कॅमेरा ठेवू नये. कडक उन्हात मागचा पडदा दिसतो का, हे दुकानाबाहेर येऊन पाहावे. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्यास बुरशी टळते.

बिल हीच हमी

आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. ती नसल्यास हमी कोण देणार, हा प्रश्न उरतो. पक्के बिल घ्यावे व त्यावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. मात्र त्या दाराशीही पहिल्यांदा बिलच दाखवावे लागते.