उत्पन्न-संरक्षण विमा (ऑस्ट्रेलिया)

आजारपणामुळे किंवा अपघातामुळे कमावत्या व्यक्तीचे काम बंद पडले, तर तिच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दरमहा देणारा विमा. नोकरीतून कमी केले गेल्यास तो सहसा लागू होत नाही. काम थांबल्यावर ३०, ६० किंवा ९० दिवसांचा प्रतीक्षाकाळ सरला की रक्कम चालू होते आणि पॉलिसीप्रमाणे दोन वर्षे, पाच वर्षे किंवा वयाच्या ६५व्या वर्षापर्यंत मिळते. स्वतःच्या नावे घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. मिळणाऱ्या रकमेवर कर लागतो.

इतिहास : ग्राहक खेचण्याच्या चढाओढीत कंपन्यांनी शर्ती उदार केल्या आणि हप्ते त्या मानाने कमी ठेवले. पाच वर्षांत त्यांचा एकत्रित तोटा सुमारे ३.४ अब्ज डॉलरवर गेला, तेव्हा नियामक संस्था एप्राने डिसेंबर २०१९मध्ये हस्तक्षेप केला. दाव्याच्या वेळी मिळकत कितीही असली तरी आधी ठरलेली रक्कम देणाऱ्या पॉलिसींची नवी विक्री ३१ मार्च २०२० नंतर थांबली. १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नव्या पॉलिसींत पहिले सहा महिने उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपर्यंत व त्यानंतर ७० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते.

चालू ठेवणे किंवा बंद करणे : हप्ता वाढल्याचे पत्र आले की हा प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुधा हप्त्याचाच प्रश्न म्हणून सोडवला जातो. ही मांडणी अपुरी आहे. अशा पॉलिसींत नूतनीकरणाची हमी असते. विमाधारकाची प्रकृती नंतर बिघडली म्हणून कंपनी त्याला वगळू शकत नाही, एकट्याचा हप्ताही वाढवू शकत नाही. वाढ करायची तर त्या गटातील सर्वांची. म्हणजे दर वर्षीच्या हप्त्यातून त्या वर्षाच्या जोखमीबरोबरच पुढेही विमा मिळत राहण्याचा हक्क टिकतो, आणि पॉलिसी बंद केली की तो संपतो. पुन्हा विमा घ्यायचा झाला तर वैद्यकीय चौकशी नव्याने होते. मधल्या काळात उद्भवलेला पाठीचा विकार किंवा नैराश्यावरील उपचार नकाराचे कारण म्हणून पुढे येतात, आणि मंजुरी मिळाली तरी शर्ती २०२१ नंतरच्याच असतात. चुकून चालू ठेवलेली पॉलिसी केव्हाही बंद करता येते. चुकून बंद केलेली परत मिळेलच असे नाही. निर्णयाचे पारडे या विषमतेमुळे चालू ठेवण्याकडे झुकले पाहिजे, विशेषतः पॉलिसी २०२०पूर्वीची असेल तर.

यावर पहिला आक्षेप असा की हप्ता परवडतच नसेल तर हक्काचे करायचे काय? आक्षेप खरा आहे. वयाबरोबर वाढणारे हप्ते पन्नाशीत फार जड होतात. पण पूर्ण हप्ता आणि पूर्ण रद्द यांच्या मध्ये बरीच जागा आहे. प्रतीक्षाकाळ ३० दिवसांवरून ९० दिवस करता येतो, मासिक रक्कम कमी करता येते, महागाईनुसार होणारी वाढ नाकारता येते. साचलेली रजा आणि थोडी शिल्लक तीन महिने पुरत असेल, तर पहिला बदल सर्वांत कमी त्रासाचा; पुढे प्रतीक्षाकाळ पुन्हा कमी करायचा तर मात्र वैद्यकीय चौकशी होऊ शकते. दुसरा आक्षेप असा की निवृत्तिनिधीतून, म्हणजे सुपरमधून, असा विमा मिळतोच. अनेक निधींत तो मिळतो. पण त्याची मुदत बहुधा दोन वर्षांची असते आणि १ जुलै २०१९ पासून सलग १६ महिने पैसे जमा न झालेल्या खात्यांवरील विमा, सभासदाने लेखी कळवले नसेल, तर बंद होतो. कामावरील इजेची भरपाई मिळेल म्हणावे, तर ती कर्करोगाला किंवा घरी झालेल्या अपघाताला सहसा उपयोगी पडत नाही.

रद्द करणे योग्य ठरते अशा स्थितीही आहेत. कर्ज फिटले आहे, घर भाड्याच्या किंवा गुंतवणुकीच्या उत्पन्नावर चालते आणि निवृत्ती जवळ आली आहे, अशा व्यक्तीला संरक्षण देण्याजोगे फारसे उरलेले नसते. रक्कम दाव्याआधीच्या प्रत्यक्ष मिळकतीवर ठरणार असेल आणि कामाचे तास कायमचे कमी झाले असतील, तर जुन्या पगारावर हप्ता भरत राहणे व्यर्थ. तेथे निदान रक्कम तरी कमी करावी. आधीच ठरलेल्या रकमेच्या पॉलिसीला हा युक्तिवाद लागू नाही. मिळकत घटलेल्या व्यावसायिकाला तर तीच सर्वांत मोलाची.

सल्लागाराचे कमिशन : जानेवारी २०२० पासून पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत, पुढे दरसाल २० टक्क्यांपर्यंत. पॉलिसी बदलण्याचा सल्ला तपासताना हा फरक लक्षात घ्यावा. नवी पॉलिसी मंजूर होऊन अमलात येईपर्यंत जुनी सोडू नये.

भारत : कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते.