चुकीच्या उच्चारांचा इतिहास

इंग्रजीच्या वर्गात 'डेब्ट' किंवा 'रिसीप्ट' असा उच्चार करणारा विद्यार्थी हास्यास्पद ठरतो. 'ब' आणि 'प' लिहायचे, पण उच्चारायचे नाहीत, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. ही अक्षरे तेथे आली कोठून, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विचारावा, असे आम्हांला वाटते.

मध्ययुगीन इंग्रजीने कर्जवाचक शब्द फ्रेंचमधून घेतला, तेव्हा तिच्या रूढ लेखनात 'ब' नव्हता. पुढे लॅटिनच्या अभिमानी पंडितांना 'डेबितुम' या मूळ शब्दाशी असलेले नाते लेखनात दिसावेसे वाटले आणि 'ब' आला. पावतीच्या शब्दातील 'प' याच वाटेने आला. 'आयलंड'मधील न उच्चारला जाणारा 'स' तर निव्वळ गैरसमजातून शिरला. लेखन बदलले, जीभ बदलली नाही. १५९८ साली छापल्या गेलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात शेक्सपिअरने होलोफर्निस नावाचा पंतोजी रंगवला आहे. कर्जाच्या शब्दातील 'ब' लोक उच्चारत नाहीत, म्हणून तो संतापतो. तेथे हसे होते ते 'ब'चा आग्रह धरणाऱ्या पंडिताचे. आपला विद्यार्थी नकळत त्याच्याच पंक्तीला बसतो. फरक इतकाच, की पंडिताला पांडित्याचा ताठा होता, विद्यार्थ्याचा मात्र छापील अक्षरावर विश्वास असतो.

'नाइफ'मधील 'क'ची कथा उलटी आहे. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, तो खरोखर उच्चारला जाई. ध्वनी पुढे लोपला, अक्षर राहिले.

'कार', 'टीचर' या शब्दांतील आपला ठसठशीत 'र'ही दोष मानला जातो. पण शेक्सपिअरच्या लंडनमध्ये तो ऐकू येत असे. लंडनमध्ये तो क्षीण झाल्याची नोंद जॉन वॉकरच्या १७९१ च्या उच्चारकोशात आढळते. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत तो आजही टिकून आहे. डॅनियल जोन्सच्या १९१७ च्या कोशाने दक्षिण इंग्लंडमधील एका सुशिक्षित वर्गाची बोली नोंदवली. आपण तिलाच सार्वकालिक प्रमाण मानून बसलो.

याचा अर्थ सर्वच उच्चार चालवून घ्यावेत, असा नव्हे. मराठीतील एकच 'व' वापरल्याने पश्चिम दिशा आणि अंगातली बंडी या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द एकसारखेच ऐकू येतात. तेथे अर्थाचाच घोटाळा होतो. तो भेद शिकवलाच पाहिजे. उरलेल्या ठिकाणी दुरुस्ती जरूर करावी, पण अक्षराचा इतिहास सांगून. हशाने विद्यार्थी गप्प बसतो. इतिहास कळला, तर तो पुन्हा बोलू लागतो.